कपडा अंगावर बेतायचा की अंग कपड्यावर?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत लग्नसराईच्या फॅशनचं पान आलं होतं. त्यातल्या हिरव्या लेहेंग्यातल्या मॉडेलचा फोटो कापून दोन दिवसांत तीन मुली माझ्या दुकानात आल्या, तिघींचं म्हणणं एकच, काकू अस्सं बसलं पाहिजे. मी २३ वर्षं अमळनेरला लेडीज टेलरिंग करते, त्यामुळे फोटो बघितला की मला कपड्याआधी अंग दिसतं. त्या मुलीच्या गळ्याखालची हाडं मोजता येत होती आणि दंड मनगटाएवढा. फोटो खरा असेल तर त्या मुलीला आधी डॉक्टरकडे न्यायला पाहिजे, आणि कॉम्प्युटरवर बारीक केलेला असेल तर तसं फोटोखाली लिहायला पाहिजे. आपल्याकडे यातलं काहीच होत नाही, कारण करायलाच पाहिजे असा कायदा नाही. तो व्हावा म्हणून हे पत्र लिहितेय, थोडं लांबेल पण छापा ही विनंती.

मला हे का लिहावंसं वाटलं ते आधी सांगते. माझ्याकडे एका ओळखीच्या घरातली मुलगी ब्लाउज शिवायला यायची, कॉलेजला होती, उंच, नाकीडोळी छान. तिची एका फॅशन शोसाठी निवड झाली, घरात पेढे वाटले. निवड करणाऱ्यांनी सांगितलं कंबर २४ करून ये, कपडे तयार आहेत ते बदलणार नाहीत. माझ्या मापाच्या वहीत तिचं पान अजून आहे. श्रावणात कंबर २८, दिवाळीला साडेसव्वीस, संक्रांतीला २५, होळीच्या आधी साडेतेवीस. दरवेळी मी आधीची शिलाई उसवून ब्लाउज आत घेऊन दिला. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो भाग, इतका खाली यायला लागला की शेवटी खांदे पण उतरवावे लागले, म्हणजे नवीनच शिवल्यासारखं.

मग मे महिना आला. आपल्याकडचा मे म्हणजे काय ते सांगायला नको, दुपारी दुकानाचं शटर हाताला चटका देतं. अशात ती पोरगी फुल बाह्यांचा स्वेटर घालून आली आणि म्हणाली काकू कूलर बंद करा ना, थंडी वाजते. माप घ्यायला स्वेटर काढला तर हातावर, पाठीवर बारीक लव आलेली, तान्ह्या बाळाच्या अंगावर असते ना तशी, आणि बोटं बर्फासारखी गार. आई बरोबर होती, तिला वाटत होतं दृष्ट लागली. पोर पार वाळी गयी वं माय, नजर लागनी का काय, असं म्हणत ती रडायलाच आली. आई बाहेर फोनवर बोलायला गेली तेव्हा मुलगी हळूच म्हणाली, काकू चार महिने झाले, पाळी नाही आली, आईला सांगू नका. केळीच्या मुलखातली पोरगी आणि दिवसाला अर्धं केळं आणि काकडी खाऊन राहत होती. घरात वरण-बट्टी असली की ताट घेऊन वर खोलीत जायची आणि सगळं कागदात बांधून बाहेर टाकायची, हे नंतर कळलं.

मी त्या दिवशी काही बोलले नाही. मी टेलर, दुसऱ्याच्या घरात मी काय बोलू असं वाटलं. ब्लाउज आत घेऊन दिला आणि शिलाईचे पैसे पण घेतले. ते माझ्या मनातून अजून जात नाही.

बारा दिवसांनी ती रिहर्सलमध्ये पडली. दवाखान्यात काट्यावर उभी केली तर ४१ किलो, उंची पाच फूट पाच. नाडी एकदम मंद, रक्तातलं पोटॅशियम फार खाली गेलेलं, डॉक्टरांनी तिच्या वडिलांना सांगितलं की आणखी थोडे दिवस गेले असते तर झोपेत हृदय थांबलं असतं. ॲनोरेक्सिया हा शब्द आम्ही सगळ्यांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. हा नुसता डाएटचा अतिरेक नाही, हा मनाचा आजार आहे, आरशात हाडं दिसत असतानाही बाईला आपण जाड वाटतो, आणि मानसिक आजारांमध्ये सगळ्यात जास्त जीव घेणाऱ्या आजारांत तो मोडतो. शरीर आधी पाळी बंद करतं, मग हाडं ठिसूळ होतात, मग हृदयावर येतं. ती लव पण त्यातलीच, अंगात चरबी उरली नाही की शरीर ऊब धरायला धडपडतं.

वडिलांनी त्या शोवाल्यांना फोन केला तर उत्तर मिळालं, आम्ही तिला उपाशी राहा असं कुठे म्हटलं? बरोबर आहे, तसं कोणी म्हटलं नव्हतं. कंबर २४ म्हटलं होतं. आणि तिच्या जागी त्याच लेहेंग्यात दुसरी मुलगी उभी राहिली, शो झाला, फोटो पण आले. पोलिसात जायचं तर गुन्हा कोणता सांगायचा, कलम कोणतं, वडील दोन वकिलांकडे जाऊन आले आणि गप्प बसले.

आता यात खरी गोम कुठे आहे ते मी माझ्या धंद्यावरून सांगते. आमच्या दुकानात आधी माप आणि मग कटिंग. अंग कसं आहे ते बघून कपडा बेततात, एक खांदा उतरता असेल तर तो झाकून घेतात, पाठ रुंद असेल तर टक्स वेगळे घेतात. मोठ्या फॅशनमध्ये उलटं चालतं. तिथे डिझायनर सीझनच्या आधी एकाच मापात सगळे नमुने शिवून ठेवतो, तेच नमुने शोला आणि तेच फोटोला जातात, आणि ज्या मुलीच्या अंगात ते जाईल तिला काम. कपडा हँगरवर लटकावा तसा अंगावरून सरळ पडावा म्हणून ते माप लहान लहान होत गेलं. म्हणजे एका नमुन्याचं माप ठरवणारा माणूस शेकडो मुलींचं जेवण ठरवतो आणि त्याच्यावर जबाबदारी शून्य. म्हणून मला वाटतं नुसतं मुलींना समजावून काही होणार नाही, कायदा त्या माप ठरवणाऱ्यावर आणि काम देणाऱ्यावर पाहिजे.

बाहेरच्या देशांनी हे करून बघितलंय. २००६ च्या ऑगस्टमध्ये उरुग्वेत लुईसेल रामोस नावाची २२ वर्षांची मॉडेल फॅशन शो चालू असतानाच हृदय बंद पडून गेली. सहा महिन्यांनी तिची १८ वर्षांची बहीण एलियाना, ती पण मॉडेल, घरात तशीच गेली. एका आईच्या दोन मुली. २००६ च्याच नोव्हेंबरमध्ये ब्राझीलची मॉडेल आना कॅरोलिना रेस्टन गेली, वय २१, उंची पाच फूट आठच्या आसपास आणि वजन ४० किलो. २००६ च्याच सप्टेंबरमध्ये स्पेनमधल्या माद्रिदच्या फॅशन वीकने १८ पेक्षा कमी बीएमआय असलेल्या मॉडेलला रॅम्पवर येऊ द्यायचं नाही असं ठरवलं. बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं. साडेअठराच्या खाली आलं की जागतिक आरोग्य संघटना कमी वजन धरते आणि १६ च्या खाली अति कृश. आमच्या त्या मुलीचं १५ भरलं होतं.

माद्रिदचा झाला आयोजकांचा नियम, पण इस्रायलने २०१२ मध्ये सरळ कायदाच केला आणि २०१३ पासून लागू केला. मॉडेलने तीन महिन्यांच्या आतलं डॉक्टरांचं सर्टिफिकेट दाखवायचं, बीएमआय साडेअठराच्या खाली असेल तर काम नाही, आणि जाहिरातीत फोटो बारीक केला असेल तर तसं स्पष्ट लिहायचं. हे एका एजंटने आणि एका डॉक्टर खासदार बाईंनी मिळून लावून धरलं. आदी बरकान हा तो एजंट, स्वतः फोटोग्राफर, म्हणजे धंद्याच्या आतलाच माणूस, आणि रेचेल अदातो या बायकांच्या डॉक्टर. फ्रान्सने तर फॅशनची राजधानी असून २०१५ मध्ये कायदा मंजूर केला आणि २०१७ पासून अंमल सुरू केला. तिथे सर्टिफिकेट नसलेली मॉडेल कामाला लावली तर काम देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आणि ७५ हजार युरोपर्यंत दंड. शिक्षा मुलीला नाही हे मला फार पटलं. २०१७ मध्येच तिथल्या दोन बड्या फॅशन कंपन्या, एलव्हीएमएच आणि केरिंग, यांनी त्यांच्याकडचं ३२ नंबरचं माप बंद करायचं ठरवलं (त्यांचं ३२ म्हणजे आपलं ब्लाउजचं ३२ नव्हे, त्या मापात कंबर जेमतेम २३-२४ इंच भरते). कायदा येतोय म्हटल्यावर कंपन्यांना जाग येते असंच मला यावरून दिसतं.

आता लोक म्हणतात, हा त्या मुलीचा धंदा आहे, तिचं शरीर आहे, तिची मर्जी, सरकारने मध्ये का पडावं. माझे वडील इथल्याच मार्केट यार्डात हमाल होते. त्यांच्या काळात पोतं शंभर किलोचं असायचं, दादर ज्वारीचं, भुईमुगाचं, ते पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. पंचेचाळिशीत त्यांची कंबर गेली, संध्याकाळी आई विटकर गरम करून शेक द्यायची ते मी रोज बघितलंय. तेव्हा पण म्हणणारे म्हणायचेच की त्याला कोणी बळजबरी केली का, नको असेल तर नको उचलू दे, दुसरा उभा आहे. हो, दुसरा उभा होता म्हणूनच ते उचलत होते! हमालांच्या संघटना भांडल्या, १९६९ मध्ये माथाडी कायदा आला, पुढे पोतं ५० किलोवर आलं. आज यार्डात कोणी म्हणत नाही की हमालाचं स्वातंत्र्य गेलं. कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्यात सुद्धा होतं की इजा होईल एवढं वजन कामगाराला उचलायला लावायचं नाही. उचलायच्या वजनावर मर्यादा चालते मग अंगावरून उतरवायच्या वजनावर का नाही. मॉडेल पण कामगारच आहे, फक्त तिचं काम झगमगाटात चालतं म्हणून आपल्याला ते दिसत नाही.

एका गोष्टीत मात्र विरोध करणाऱ्यांचं मी ऐकते. नुसता बीएमआयचा आकडा धरून काम बंद करणं बरोबर नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ मधल्या, आपल्या महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये २०.८ टक्के बायका साडेअठराच्या खाली निघाल्या, म्हणजे पाचातली एक. या काही मॉडेल नाहीत. आपल्या नंदुरबारकडे, अक्कलकुवा धडगावच्या पाड्यांवर पोटाला कमी मिळतं म्हणून पोरी बारीक आहेत, आणि काही जणी खाऊन पिऊन सुद्धा जन्मजात काटकुळ्या असतात, माझी धाकटी नणंदच तशी आहे, दोन मुलं झाली तरी ४४ किलो आणि शेतात दिवसभर निंदणी करते. उद्या एखादी आदिवासी मुलगी या धंद्यात उभी राहिली आणि आकडा बघून तिलाच बाहेर काढलं तर तो अन्यायच होईल. म्हणून मला फ्रान्सची पद्धत बरी वाटते, तिथे आधी आकडाच घालायचं घाटत होतं पण शेवटी डॉक्टरांवर सोपवलं, आकडा ते बघतातच पण त्याच्याबरोबर बाकी तब्येत पण बघतात. आपल्याकडे डॉक्टरने पाळी, रक्त, हृदय सगळं तपासावं आणि मुलगी आजारी निघाली तर तिच्या उपचाराचा खर्च काम देणाऱ्याकडून घ्यावा. १८ च्या आतल्या मुलींना तर अमुक इंच कमी करून ये असं सांगणंच गुन्हा ठरवावं. आणि नमुन्याचं एकच माप नको, निदान तीन मापांत शिवायला लावा, कापड काही एवढं महाग नाही हो, मी रोज कापते मला माहिती आहे.

सर्टिफिकेट काय शंभर रुपयात मिळतं असंही कोणी म्हणेल. मिळत असेल, पण खोट्या सर्टिफिकेटवर डॉक्टरची सही असते आणि मुलगी पडली की ती सही धरता येते. आमच्या वेळी धरायला काहीच नव्हतं.

तुमच्याकडे माझं एक वेगळं मागणं आहे. फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून जाहिरातीतल्या मॉडेलचं अंग बारीक किंवा जाड करून दाखवलं तर तिथे फोटोत फेरफार केला आहे असं छापावं लागतं. तुम्हाला त्यासाठी कायद्याची वाट बघायची गरज नाही, तुमच्या पुरवणीत उद्यापासून तेवढी एक ओळ टाकता येईल. तीन मुली तुमचाच फोटो घेऊन आल्या होत्या. मी त्यांना सांगितलं की बाळांनो हे अंग असं नसतं, पण माझ्या तोंडी सांगण्यापेक्षा तुमच्या छापलेल्या ओळीवर त्यांचा विश्वास जास्त बसेल.

ती मुलगी आता बरी आहे, म्हणजे पूर्ण नाही, महिन्यातून एकदा जळगावला डॉक्टरांकडे जाते आणि कधी कधी ताट तसंच ठेवते. मागच्या आठवड्यात बहिणीच्या लग्नासाठी ब्लाउज शिवायला आली होती. कंबर साडेसव्वीस भरली, वहीत लिहिताना तिने वाकून आकडा बघितला आणि काही बोलली नाही. ब्लाउज शिवून तयार आहे, दोन्ही बाजूंना आत दीड दीड इंच माया सोडलीय.

आपली वाचक,
एक शिवणकाम करणारी, अमळनेर