बालेवाडीतल्या त्या मॅडमना

काल गावात शाळेच्या खो-खो संघाचा सत्कार झाला. लेकीच्या गळ्यात हार पडला तेव्हा मला तुमचीच आठवण येत होती, मॅडम.

17 वर्षांखालील मुलींच्या राज्यस्तरीय शालेय स्पर्धेत बालेवाडीला आमचा सामना तुमच्याच संघाशी होता. शेवटच्या डावात खांबावर झेप घेताना लेकीची हनुवटी फुटली. आमचे सर बाकीच्या मुलींना सोडून जाऊ शकत नव्हते, मी तर गावी होते. तुम्ही आपला संघ सहकाऱ्यावर सोपवून तिला रिक्षाने दवाखान्यात नेलंत. टाके घालताना ती आईला हाका मारायला लागली, तेव्हा तुम्ही फोन लावून तिच्या कानाशी धरलात. रक्ताने चिकटलेले केस ओल्या रुमालाने पुसून तिची वेणीसुद्धा पुन्हा घातलीत! रिक्षाचे पैसेही घेतले नाहीत. त्या गडबडीत नाव विचारायचं राहून गेलं.

तुमचा संघ त्या दिवशी हरला. तरी निघताना तुमच्या मुली लेकीला भेटून गेल्या. प्रशिक्षक म्हणून तुम्ही त्यांना काय शिकवलंय ते तिथेच दिसलं. खरा सत्कार तुमचा व्हायला हवा.

मनापासून आभार. जखम भरली आहे, सराव पुन्हा सुरू झालाय.