अ‍ॅब्लेशनचं नवं मशीन आणि हृदयाचा शेजार

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

बाबांच्या हृदयाच्या फडफडीवर (एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोके अनियमित होणं) डॉक्टरांनी अ‍ॅब्लेशनचे, म्हणजे नळी घालून हृदयातली जागा डागण्याचे, तीन प्रकार सांगून ‘घरी बोलून ठरवा’ म्हटलं, तेव्हापासून तुम्हा दोघांना झोप नाही. फोनवर अर्धं राहून जातं, म्हणून लिहितेय.

तिन्हींत मूळ काम एकच. जांघेतल्या शिरेतून नळी हृदयात न्यायची, मधल्या पडद्याला बारीक भोक पाडून डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात जायचं, आणि फुफ्फुसांकडून येणाऱ्या चार शिरांच्या तोंडांभोवती डागून कडं करायचं. फडफड बहुतेक वेळा या शिरांतूनच सुटते, हे बोर्दोच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये दाखवून दिलं. कड्यात फट राहिली की त्रास परत सुरू.

फरक आहे तो डागायचं कशाने यात. रेडिओफ्रिक्वेन्सीत उष्णतेने एकेक ठिपका भाजत जातात. क्रायोत २८ मिलिमीटरचा फुगा शिरेच्या तोंडाशी टेकवून तीन-चार मिनिटं उणे ४०-५० अंशांपर्यंत गोठवतात. पल्स्ड फील्डमध्ये सुमारे दोन हजार व्होल्टचे, काही मायक्रोसेकंदांचे विजेचे झटके देतात. त्याने पेशींच्या आवरणाला छिद्रं पडून त्या मरतात. हृदयाचा स्नायू याला लवकर बळी पडतो, अन्ननलिका आणि नसा बऱ्यापैकी तग धरतात.

मला यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा शेजार. अन्ननलिका त्या कप्प्याच्या मागच्या भिंतीला जवळजवळ चिकटून जाते. आपल्या मोरीची ओल जशी पलीकडच्या खोलीत उतरते, तशी उष्णता तिकडे झिरपते, आणि फार क्वचित दोन-चार आठवड्यांनी तिथे आरपार भोक पडतं. ते जिवावर बेततं. म्हणून आई, हे फ्रिजवर लावून ठेव: दोन महिन्यांत ताप, गिळताना दुखणं, छातीत कळ किंवा बोलणं अडखळणं यातलं काहीही झालं तर थेट अ‍ॅब्लेशन केलेल्या टीमला फोन. छातीचा सीटी स्कॅन करायचा, तोंडातून दुर्बीण घालू द्यायची नाही. दुर्बिणीतली हवा त्या भोकातून हृदयात आणि तिथून मेंदूत जाऊ शकते.

क्रायोत जपावी लागते ती श्वासपटलाची उजवी नस. उजव्या शिरा गोठवताना डॉक्टर त्या नसेला मुद्दाम झटके देतात आणि पोटावर हात ठेवून उचकीसारखा ठोका चाचपत राहतात. ठोका मंदावला की गोठवणं त्याच क्षणी बंद.

पल्स्ड फील्डवर १७ हजारांहून जास्त रुग्णांची पाहणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात अन्ननलिकेला असं भोक एकालाही पडलं नव्हतं. पण ठोके सुधारण्यात ते फार पुढे नाही. २०२३ च्या अ‍ॅडव्हेंट चाचणीत ६०७ रुग्ण होते. वर्षभराने यश पल्स्ड फील्डला ७३.३ टक्के, जुन्या पद्धतींना ७१.३. शिवाय विजेने लाल पेशी फुटतात. झटके जास्त झाले तर लघवी कोलासारखी होते आणि मूत्रपिंडावर ताण येतो. बाबा, तुमचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) आधीच काठावर आहे, म्हणून सलाइन किती देणार आणि झटके किती, हे नक्की विचारा.

माझं मत सांगते. बाबांची फडफड येऊन-जाऊन आहे. डॉक्टरांचा पल्स्ड फील्डवर हात बसलेला असेल आणि मेडिक्लेम त्या कॅथेटरचे पैसे देत असेल, तर तेच करा. त्यासाठी एफडी मोडावी लागत असेल तर मुळीच नको. क्रायोत मुरलेला डॉक्टर मला तितकाच चालेल. ‘या मशीनवर तुम्ही स्वतः किती केसेस केल्यात?’ हे विचारायला संकोचू नका.

गोळ्यांचं मात्र पक्कं. बाबा ७१ वर्षांचे, त्यात बीपी, म्हणजे पक्षाघाताचा धोका मोजायच्या हिशोबात दोन गुण. रक्त पातळ करायची गोळी अ‍ॅब्लेशननंतरही सुरूच राहणार, मनगटावरच्या स्मार्ट घड्याळात ठोके कितीही सरळ दिसले तरी. पहिले दोन-तीन महिने मधूनमधून फडफड झाली तर ऑपरेशन फसलं असं समजू नका. भाजलेली जागा भरून येत असते.

घरी आल्यावर तीन मजले सावकाश, एकदाच चढायचे. आठवडाभर बादली, सिलिंडर उचलणं बंद. जांघेतून रक्त आलं तर आडवं होऊन दहा मिनिटं हाताने घट्ट दाबून धरायचं, मध्येच उचलून बघायचं नाही. थांबलं नाही तर तसंच दाबून हॉस्पिटलात.

मागच्या दोन क्रिएटिनिनच्या रिपोर्टांचे आणि पॉलिसीच्या पानाचे फोटो आजच पाठवा.

तुमची,
चिऊ