इव्हिनिंगला लागून मॉर्निंग नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लोकलची गर्दी कमी व्हावी म्हणून कार्यालयांच्या वेळा पुढेमागे कराव्यात, ही सूचना दर काही महिन्यांनी नव्याने मांडली जाते आणि तिच्यावरची चर्चा बँका, सरकारी कचेऱ्या व खासगी कंपन्या यांच्यापुरतीच राहते. ज्यांचे काम मुळातच चोवीस तासांत विभागलेले आहे, त्या परिचारिकांचा प्रवास या चर्चेत कुठेच येत नाही. मी मध्य मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयात अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) असून बदलापूरला राहते. माझी मुख्य मागणी नव्या गाडीची नाही आणि भत्त्याचीही नाही. दुपारच्या पाळीला लागून दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी, म्हणजे आमच्या भाषेत 'इव्हिनिंग-मॉर्निंग', लांब राहणाऱ्या परिचारिकांना लावली जाऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

ड्यूटी लिस्टवर ही जोडी अगदी निरुपद्रवी दिसते. दुपारची पाळी रात्री नऊला संपते, सकाळची सातला सुरू होते, म्हणजे मध्ये चांगले दहा तास मिळतात, असा तिचा हिशेब असतो. प्रत्यक्षात नऊला ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरला रुग्णांची माहिती सोपवणे, द्यायला सुरुवात होते. अतिदक्षता विभागात एकेका रुग्णाची ओव्हर म्हणजे सलाइन, इन्फ्युजन पंपाचा दर, लघवीचे माप, राहिलेले रिपोर्ट, नातेवाइकांना काय सांगितले आणि काय सांगायचे आहे, हे सगळे आले. ती घाईत उरकता येत नाही आणि उरकू नये. कपडे बदलून दादर गाठेपर्यंत पावणेदहा होतात, गाडी वेळेवर असली तर अकराच्या सुमारास बदलापूर येते, पुढे शेअर रिक्षा भरेपर्यंत थांबणे आणि घर. जेवण करून पाठ टेकायला सव्वाबारा वाजतात. सकाळी पावणेसातला युनिफॉर्ममध्ये वॉर्डात हजर राहायचे, तर पाचच्या आतबाहेरची लोकल धरावी लागते आणि त्यासाठी पावणेचारला उठावे लागते. कागदावरच्या दहा तासांतून झोपेच्या वाट्याला साडेतीन तास येतात, तेही घरात कोणी आजारी नसेल आणि पहाटे पाण्याची पाळी नसेल तर.

अशा झोपेनंतर सकाळी सातला इन्शुलिनच्या ड्रिपचा दर पाहताना दशांश चिन्ह कुठे आहे हे दोनदा वाचावे लागते, आणि शेजारच्या सिस्टरला बोलावून तिसऱ्यांदा वाचून घ्यावे लागते. आम्ही तसे करतो. परंतु ज्या विभागात एकेका सिस्टरकडे नेमापेक्षा कितीतरी अधिक रुग्ण असतात, तिथे शेजारची सिस्टर दर वेळी मोकळी सापडेलच असे नाही. म्हणून हा प्रश्न परिचारिकांच्या सोयीइतकाच रुग्णाच्या सुरक्षिततेचा आहे. ज्या रेल्वेने आम्ही येतो, तिच्या लोको पायलटांना आठ तास किंवा त्याहून अधिक काम झाल्यावर मुख्यालयात, म्हणजे त्यांच्या नेमणुकीच्या ठिकाणी, सोळा तासांची विश्रांती देण्याचा नियम आहे. थकलेल्या माणसाच्या हाती गाडी देऊ नये, हे तिथे मान्य झालेले आहे. युरोपीय संघातही दोन कामांच्या दरम्यान सलग अकरा तासांची विश्रांती कायद्याने ठरवून दिली आहे.

'मग रुग्णालयाजवळ राहा', हे उत्तर आम्हाला नेहमी ऐकवले जाते. जे. जे. १८४५ मध्ये, नायर १९२०च्या दशकात आणि केईएम १९२६ मध्ये सुरू झाले, त्या काळी मुंबई आजच्यापेक्षा लहान होती आणि परिचारिकेने रुग्णालयाच्या आवारातच राहावे अशी रीत होती. आज ही रुग्णालये जागच्या जागी आहेत, भोवतालच्या गिरण्यांच्या जागी मात्र टॉवर उभे राहिले आहेत. क्वार्टर्स मोजक्या आणि अर्जदार अनेक अशी स्थिती असल्याने सिस्टरच्या पगारात घर बसते ते बदलापूर, टिटवाळा, नालासोपारा किंवा विरारला. घरभाडे भत्त्यात परळला भाड्याची एक खोली मिळत असेल, तर तिचा पत्ता कोणीतरी आम्हाला जरूर कळवावा.

रात्रपाळीबद्दल माझी फारशी तक्रार नाही. सकाळी परतताना गाडी रिकामी असते, खिडकी मिळते, आणि धोका असलाच तर डोळा लागून थेट कर्जतला जाग येण्याचा. रविवारचा मेगाब्लॉक मात्र वेगळी गोष्ट आहे. तो साधारणपणे सकाळी अकराच्या आसपास सुरू होऊन दुपारी चारपर्यंत चालतो, म्हणजे नेमका दुपारच्या पाळीच्या मुळावर येतो. ड्यूटी लिस्ट आधीच लागलेली असते आणि ब्लॉकची घोषणा त्यानंतर होते. गाडी कल्याणच्या पुढे रखडली, तर आमच्या नावावर लेट मार्क पडतो. त्याहून वाईट म्हणजे सकाळपासून उभी असलेली सिस्टर रिलीव्हर येईपर्यंत वॉर्ड सोडू शकत नाही, आणि तिचीही कसाऱ्याची गाडी चुकते.

हे सगळे बदलणे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी २०२० आठवावे. मार्चमध्ये लोकल बंद झाल्या तेव्हा बेस्ट आणि एसटीच्या गाड्या विरार, कल्याण, बदलापूर, पनवेलहून रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांना घेऊन धावत होत्या, आणि १५ जून २०२० रोजी लोकल पुन्हा सुरू झाल्या त्याही सुरुवातीला अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठीच. कोण कुठून येते आणि कोणत्या पाळीला येते, याच्या याद्या तेव्हा रुग्णालयांनी तयार केल्या होत्या. आज मागणे त्याहून पुष्कळ कमी आहे. अधिसेविका (मेट्रन) कार्यालयाने प्रत्येकीच्या नावापुढे राहण्याचे स्थानक लिहावे, लिस्ट महिनाभर आधी लावावी, आणि जिचा एका बाजूचा प्रवास दीड तासाहून अधिक आहे तिला इव्हिनिंगनंतर मॉर्निंग देऊ नये; इव्हिनिंगनंतर इव्हिनिंग किंवा नाईट द्यावी. मनुष्यबळ कमी आहे, ही अडचण खरी आहे. पण याने एकही पद वाढत नाही, फक्त नावांचा क्रम बदलतो. अचानक कोणी रजेवर गेले तर अपवाद करावा लागेल, हे आम्हालाही समजते. आज मात्र अपवादच लिस्टमध्ये छापून येतो. रविवारच्या लेट मार्कसाठी तर रेल्वेने जाहीर केलेले ब्लॉकचे पत्रक पुरेसा पुरावा मानायला काहीच हरकत नसावी.

विद्यार्थिनींविषयी लिहिणे आवश्यक आहे, कारण त्यांच्या वतीने सहसा कोणी लिहीत नाही. जीएनएम (परिचर्येची पदविका) किंवा बीएस्सी नर्सिंगच्या ज्या मुली वसतिगृहात नसतात, त्यांना रेल्वेचा सवलतीचा पास मिळतो तो घर ते महाविद्यालय एवढ्याच अंतराचा. क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे रुग्णालयातले प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण, मात्र अनेकदा दुसऱ्याच शहरातील रुग्णालयात असते आणि ते काही आठवड्यांनी बदलते. त्या प्रवासासाठी त्यांना पूर्ण दराचे तिकीट काढावे लागते. सकाळी सातची पोस्टिंग, दुपारी वर्ग, रात्री केस स्टडी लिहिणे, आणि या कामाचा पगार नाही; अशा मुलीला पोस्टिंगच्या पत्रावर त्या काळापुरता सवलतीचा पास देण्याची व्यवस्था रेल्वे आणि परिचर्या परिषद यांनी एकत्र बसून करावी. महाविद्यालयांनीही पोस्टिंग ठरवताना मुलींचे राहण्याचे ठिकाण पाहावे. आमच्या वॉर्डात सध्या येणाऱ्यांपैकी एक आसनगावची आहे आणि तिच्या घराच्या वाटेवर कल्याणमध्येच रुग्णालय आहे.

आपली,
एक अधिपरिचारिका, बदलापूर