हान्झोमोनचे कॅमेरा संग्रहालय बघताना

चि. सानिका,

अनेक आशीर्वाद.

या रविवारी तोक्योतल्या हान्झोमोनचे जपान कॅमेरा संग्रहालय बघून ये. निशी-कासाईहून तोझाई लाइनने कुदानशिता गाठायचे, तिथे हान्झोमोन लाइन पकडायची, की पुढचेच स्टेशन. चार नंबरच्या दाराने वर आलीस की मिनिटभराची चाल. संग्रहालय तळघरात आहे, पाटी बघत चाल, नाहीतर पुढे निघून जाशील. वेळ १० ते ५, सोमवारी बंद. तिकीट ३०० येन. तोक्योत तेवढ्यात धड कॉफीसुद्धा येत नसेल. प्रदर्शन बदलताना दार बंद ठेवतात, म्हणून निघण्याआधी संकेतस्थळ बघ. फोटो काढायचे असतील तर आधी काउंटरवर विचार.

जागा लहान, पण कॅमेरे शेकडो. ओळीने बघत गेलीस तर विसाव्यानंतर सगळे सारखेच दिसू लागतील. त्यापेक्षा दोन-तीनच निवड आणि त्यांच्यापुढे थांब. पाटीवर जपानी साल (सम्राटाच्या कारकिर्दीवरून मोजलेले) असले तर मेइजीत १८६७ आणि शोवात १९२५ मिळवायचे. मेइजी ३६ म्हणजे १९०३, शोवा ३४ म्हणजे १९५९.

पहिला थांबा जिरू या फ्रेंच कारागिराने बनवलेल्या डॅगेरोटाइप कॅमेऱ्यापाशी. डॅगेरोटाइप म्हणजे धातूच्या प्लेटवर फोटो उमटवायची सुरुवातीची पद्धत. १८३९ सालचा, विक्रीसाठी बनवलेला जगातला पहिला कॅमेरा. दिसायला लाकडी पेटी, पण बाजूने बघ: एका पेटीत दुसरी पेटी सरकते, फोकस करायची सोय एवढीच. मागे दुधी काच, आणि चित्र सुलटे दिसावे म्हणून तिच्यामागे तिरका आरसा. शटर नाहीच. भिंगापुढची पितळी झाकणी बाजूला करायची आणि मिनिटे मोजायची. बाजूच्या पट्टीवर ही पद्धत शोधणाऱ्या दागेरची सही शोध.

डॅगेरोटाइप चित्रही मांडलेले असेल तर एक युक्ती सांगतो. ती प्लेट म्हणजे चांदीचा मुलामा दिलेले तांबे, थेट आरसाच. चित्रातला काळा भाग म्हणजे नुसती घासलेली चांदी, आणि ती काळी कधी दिसते? समोर काहीतरी काळे असेल तेव्हाच. पांढरा शर्ट घालून उभी राहिलीस तर सावल्या उजळतात, चेहरा काळवंडतो आणि तेच चित्र निगेटिव्ह होते. गडद रंगाचे कपडे घालून जा, किंचित तिरकी उभी राहा आणि मान हळूहळू हलव. एका ठरावीक कोनात चेहरा एकदम वर येतो. बरेच लोक ‘पुसट झालेय’ म्हणून पुढे जातात.

नंतर निकॉनचा खण. १९४८ च्या पहिल्या निकॉनची फ्रेम २४ × ३२ मिमी होती, नेहमीच्या ३६ मिमीपेक्षा आखूड. एका रिळात चार फोटो जास्त बसत, पण अमेरिकेतली स्लाइड कापणारी यंत्रे ३६ मिमीसाठी बांधलेली, त्यामुळे निर्यात अडली. काटकसर कुठे नडते बघ! नंतर १९५९ चा निकॉन एफ बघ. चित्र सुलटे दाखवणारा प्रिझम, फोटो काढताच लगेच खाली येणारा आरसा, अख्खी फ्रेम दाखवणारा व्ह्यूफाइंडर, हे सगळे एकत्र आले की बातमीदारांनी बाकीचे कॅमेरे का बाजूला ठेवले ते कळते.

संग्रहालय चालवणारी संस्था मुळात १९५४ ची, निर्यातीचे कॅमेरे तपासणारी. पास झालेल्या कॅमेऱ्यावर चिकटायचा तो ‘पास्ड’ लिहिलेला सोनेरी लंबगोल स्टिकर तिचाच. आजोबांच्या याशिका इलेक्ट्रोवर अजून आहे तो. स्पिरिटने पुसला तर सोनेरी रंग निघतो, म्हणून त्या भागाला कोरडे फडकेच लावतो.

याशिकासाठी सेलचा अडॅप्टर आणू का म्हणालीस. त्याचा मूळ ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा सेल आता बनत नाही. अडॅप्टरमध्ये ६ व्होल्टचा अल्कलाइन सेल बसतो आणि चालतो. पण तूर्त घेऊ नकोस. शटर मारून रीळ पुढे सरकवायची लिव्हर ओढताना आतून ‘टक्’ असा जाड आवाज यायला हवा, तो येत नाही. म्हणजे आतली रबराची छोटी गादी विरघळली आहे, आणि ती बदलेपर्यंत नवा सेल घालूनही एक्सपोजर चुकणारच. मागच्या दाराचा फोमही डांबरासारखा चिकट झालाय. आधी ही दोन कामे करून घेतो, मग कळवतो.

बाबा