काकाजी, आडवी बाटली आधी दाखवलीत म्हणून

ती. काकाजी,
सप्रेम नमस्कार.

परमिट रूमच्या परवान्यासाठी तुम्ही केलेल्या मदतीचे समोर येऊन आभार मानले असते तर "बरं बरं, झालं, चहा टाक" म्हणून तुम्ही विषयच मोडला असता. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. दुसरं एक कारण आहे. आपल्या राळेगाव तालुक्यात कोणाला परमिट रूमचा परवाना मिळाला की लोक पहिलं विचारतात, "किती द्यावे लागले?" आम्हाला तर पाहुण्यारावळ्यांनीही विचारलं. तर उत्तर इथेच लिहून ठेवते: सरकारी चलनाने भरली ती फी, नकाशा काढणाऱ्याची मजुरी आणि झेरॉक्स. बाकी कोणाला काही नाही.

तुमच्याकडे आलो तेव्हा आमची सावजी खानावळ बरी चालत होती, पण संध्याकाळचं गिऱ्हाईक दार पाहूनच परत जायचं. "बियर मिळते का?" "नाही." की गाडी पुढे. एका एजंटने तेवढ्यात यांना गाठलं होतं. सरळ वाईनशॉपच काढून देतो म्हणे, अर्धे पैसे आधी. तुम्ही ऐकून हसलात. वाईनशॉपचा, म्हणजे एफएल-२ चा, नवा परवाना सरकार कित्येक वर्षांपासून सहसा देत नाही, जुन्यांचीच हस्तांतरं चालतात, हे तुमच्या तोंडून पहिल्यांदा कळलं. देशी दारूचं दुकान सीएल-३, आणि जेवणासोबत बसून पिण्याची जागा म्हणजे एफएल-३. "तुमाले हे तिसरं पाह्यजे," तुम्ही म्हणालात, "अन् थ्या माणसाले म्हना, आता येऊ नोको."

यानंतर तुम्ही अर्जाचा नमुना काढाल असं वाटलं होतं. तुम्ही काढला तो 2008 चा आदेश, गावातला परवाना मतदानाने बंद कसा करतात त्याचा. गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्या केल्या की पडताळणी होते, मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. यादीतल्या एकूण बायांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. "सूनबाई, हे आधी वाच, मंग अर्ज लिहू. उद्या ह्याच बाया तुह्यी बाटली आडवी करतीन." यांना राग आला होता, आता सांगायला हरकत नाही. घरी येताना म्हणाले, मदत मागायला गेलो अन् म्हातारा दुकान बंद करायचा कायदा शिकवतो.

मला मात्र त्या रात्री झोप नीट लागली नाही, कारण त्या यादीत माझंही नाव आहे. दुसऱ्या दिवशी मी बचत गटाच्या बायांकडे गेले, ग्रामपंचायतीच्या ना-हरकतीचा विषय निघायच्या आधीच. खूप ऐकून घेतलं. एका मावशीने तर तोंडावर सांगितलं की माझ्या घरचा माणूस तुझ्या दारात दिसला तर मी आत येऊन त्याला ओढून नेईन. मी म्हटलं, मावशी, खुशाल या. त्यांच्या दोन अटी होत्या. गावातल्या कोणालाही उधारी नाही, आणि जेवायला येणाऱ्या बायापोरांचं दार वेगळं. दोन्ही लिहून दिल्या. सगळ्या खूश झाल्या असं मी म्हणणार नाही. ठरावाच्या वेळी काही जणी उठून गेल्या. पण जे बोलायचं ते तोंडावर बोलल्या आणि पाठीमागून तक्रार कोणी केली नाही. तुम्ही तो आदेश आधी वाचायला लावला नसता तर मी हे घर-घर फिरणं केलंच नसतं.

मोजणीचा दिवस तर आमचा धाकटा अजून सांगत फिरतो. शाळा किंवा देवळापासून 75 मीटरच्या आत परमिट रूम चालत नाही, एवढं आम्हाला ठाऊक होतं. कुठून कुठपर्यंत मोजायचं ते ठाऊक नव्हतं. तुम्ही सुतळीचा तुकडा घेतला, आमच्या दाराच्या चौकटीला आडवा लावला, दुमडून निम्मा केला आणि बरोब्बर मध्यावर उंबऱ्याला खडूची रेघ मारली. तिथून टेप. धाकट्याने एक टोक धरलं, तुम्ही दुसरं, आणि प्रत्येक वेळी टेप संपला की रस्त्यावर खडूची फुली. जिल्हा परिषदेच्या शाळेला आवारभिंत आहे, म्हणून वर्गापर्यंत नाही, फाटकाच्या मध्यापर्यंत मोजायचं. ह्यांना भीती होती की शाळा मागेच आहे, मधे फक्त एक पराटीचं वावर. तुम्ही म्हणालात, "वावरातून मोजलं तं कमी भरन. पन माणसं वावरातून जात नाईत, गिरणीवरून जातेत. नियमातबी पायी जायाचा रस्ताच धरते." गिरणीवरून अंतर 75 च्या बरंच पुढे गेलं. नंतर उत्पादन शुल्कचे निरीक्षक स्थळ पाहणीला आले, त्यांनी आपला टेप काढला, आणि उंबऱ्यावरची तुमची रेघ पाहून विचारलं, ही कोणी मारली? मी तुमचं नाव सांगितलं नाही, तुम्हीच मना केलं होतं.

रस्त्याचंही तसंच. 2016 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाचा महामार्गांवरच्या दारूचा निकाल आला, तेव्हा किती चालू बार बंद पडले ते आपण पाहिलं. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको, पुढे वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांसाठी ते अंतर 220 मीटर. नंतर त्यात बऱ्याच सवलती आल्या, पण तुम्ही म्हणालात, सवलतीवर धंदा उभा करू नका. आमच्या समोरचा रस्ता राज्य महामार्ग नसून जिल्हा मार्ग आहे, याचं बांधकाम विभागाचं पत्र तुम्ही आधी काढायला लावलंत. कोणी मागायच्या आत ते फाईलला लागलेलं होतं.

बाकी कागदांचं काय सांगू. नमुना आठ, अकृषक आदेश, चारित्र्य पडताळणी, अन्न परवाना, नकाशा. फाईल अधीक्षकांकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे जायची ती गेली, सही होऊन आली. मधे बराच काळ काहीच हललं नाही तेव्हा यांनी पुन्हा त्या एजंटचं नाव काढलं होतं, ते तुम्ही ऐकलंत आणि तसेच उठून निघून गेलात. तेवढ्याने एजंटचा विषय संपला.

परवाना हातात आल्यावर लोक पेढे घेऊन आले, तुम्ही कोरी वही घेऊन आलात. रोजचा साठा, ब्रँडप्रमाणे, आलेला, विकलेला, उरलेला, त्याच रात्री लिहायचा. पोऱ्यांची नावं नोकरनाम्यात, म्हणजे कामगारांच्या नोंदीत, असल्याशिवाय परमिट रूममध्ये ताट उचलायलाही उभं करायचं नाही. पिणाऱ्याचं परमिट बघायचं. बियरला एकवीस वर्षं, कडक दारूला पंचवीस. आणि सगळ्यात जास्त तुम्ही बजावलं ते नदीचं. पलीकडे वर्धा जिल्हा, तिथे सत्तरच्या दशकापासून बंदी. "इथं बसून पेयाचा परवाना हाय. बाटली बाहेर गेली अन् पलीकडं सापडली, तं बॅच नंबरवरून तुह्या दारात येतेत." पहिल्याच महिन्यात मोटरसायकलवर दोन पोरं थैली घेऊन आली, पेटी द्या म्हणाली, भाव वाढवून देतो म्हणाली. रोकडा मोठा होता, खोटं कशाला बोलू. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तुमची वही गल्ल्यावर आणून ठेवली. पोरं गेली.

तुम्ही स्वतः घोटही घेत नाही, आणि हा धंदा चांगला की वाईट यावर तुम्ही आम्हाला एक अक्षर ऐकवलं नाही. मी एकदा मुद्दाम विचारलं होतं, तेव्हा तुम्ही चष्मा पुसत बसलात. मला त्याचंही बरं वाटलं. ज्यांनी उपदेश केला त्यांच्यापैकी कोणी टेप धरायला आलं नव्हतं.

31 मार्चच्या आत नूतनीकरणाचं चलन भरायचं आहे. मी भरून ठेवते, पण तुम्ही एकदा नजर टाकाच. मटण तुम्हाला चालत नाही, म्हणून पातोडीचा रस्सा आणि ज्वारीची भाकर करते. 2 ऑक्टोबरला या, त्या दिवशी परमिट रूम बंद असते आणि आम्ही दोघंही मोकळे असतो. काकूंना घेऊन या. पैशाचं नाव काढलंत तर मी यांना सांगून तुमची गाडी अडवीन.

तुमची,
सावजीवाली सूनबाई