कुंडीसाठीची माती घरीच तयार करावी

महोदय,

पावसाळ्याला अजून दीड-दोन महिने अवकाश असला, तरी शहरातील रोपवाटिकांसमोर लाल मातीच्या गोण्या रचल्या जाऊ लागल्या आहेत. ही माती अनेकदा डोंगरउतारावरचा सुपीक थर खरवडून आणलेली असते आणि तो थर पुन्हा तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. अशी अनमोल माती विकत आणून कुंडीत ठासून भरली जाते आणि त्यातले रोप थोड्याच दिवसांत पिवळे पडते, याचे मला मनापासून वाईट वाटते. जमिनीतील माती आणि कुंडीतील माती यांची कामे वेगळी आहेत, हे गच्चीवर बाग करणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावे, यासाठी हा पत्रप्रपंच.

जमिनीवर पडलेले पाणी खालच्या थरांकडे ओढले जात राहते. कुंडीत मात्र तळाशी माती संपते तिथेच पाणी अडते आणि जादा पाणी निथळून गेल्यावरही तळाचा काही भाग पूर्ण भिजलेलाच राहतो. मातीचे कण जितके बारीक, तितका हा भिजलेला भाग उंच, आणि तिथे मुळांना हवा मिळत नाही. आपली काळी माती तर ओली झाली की फुगते व सुकली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग घातलेले पाणी कडेने खाली निघून जाते आणि मुळांभोवतीचा गोळा आतून कोरडाच राहतो. निचरा सुधारावा म्हणून तळाशी विटांच्या तुकड्यांचा जाड थर देण्याची पद्धत सर्वत्र आहे, परंतु वरची बारीक माती पूर्ण भिजल्याशिवाय पाणी त्या तुकड्यांत उतरतच नाही, त्यामुळे मुळांची जागा तेवढी कमी होते. माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर एक खापर पुरेसे आहे. निचरा सुधारायचा, तर सबंध मिश्रणच भुसभुशीत करायला हवे.

मोठ्या झाडांसाठी चाळलेली पोयट्याची माती, कुजलेला पालापाचोळा आणि पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत हे समान मापाने घ्यावे व प्रत्येक कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. भातगिरणीतले तूस मिळाल्यास तेही थोडे घालावे. ओलसर मिश्रण मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोट लावताच फुटावा, ही परीक्षा मला कोणत्याही मापापेक्षा विश्वासार्ह वाटते. शिवाय गच्चीवरच्या भाराचा विचार आहेच: 12 इंची कुंडीत सुमारे 15 लिटर माती मावते आणि नुसत्या मातीने भरलेली अशी कुंडी भिजल्यावर 25 किलोंच्या आसपास जाते. हलक्या मिश्रणाने हे वजन बरेच घटते.

पालापाचोळ्याऐवजी कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, वापरायचे असेल, तर ते आधी दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यावे, कारण त्यात क्षार असू शकतात. त्यात अन्नद्रव्ये नगण्य असतात, म्हणून केवळ कोकोपीटवर झाड पोसले जात नाही.

बी पेरण्याचे मिश्रण मात्र वेगळे हवे. बीजदलांनंतरची पहिली खरी पाने फुटेपर्यंत रोप बियांतल्या साठ्यावरच वाढते, त्यामुळे तीन भाग धुतलेले कोकोपीट आणि एक भाग चाळलेले गांडूळखत एवढे पुरते. कच्चे शेणखत पेरणीच्या ट्रेमध्ये कधीही घालू नये. ते कुजताना तापते आणि कोवळी मुळे करपतात. मिरची, टोमॅटो, वांगी यांची रोपे जमिनीलगत मऊ पडून कोलमडतात, ती मातीतील बुरशीमुळे. त्यावर वैशाखातले ऊन हा बिनखर्चाचा उपाय आहे: माती ओलसर करून, पातळ पसरून, पारदर्शक प्लास्टिकखाली चार ते सहा आठवडे कडा दाबून ठेवावी. हे काम आत्ताच हाती घेतले, तर पावसाळ्याच्या तोंडावर माती तयार मिळेल.

या सगळ्यात सर्वांत सहज मिळू शकणारी वस्तू म्हणजे पालापाचोळा, आणि तोच आपण सर्वाधिक वाया घालवतो. पर्जन्यवृक्ष, गुलमोहर, सोनमोहर यांची बारीक पाने ओलसर ठेवल्यास काही महिन्यांत कुजतात. आंबा, फणस, बदाम यांची जाड पाने आधी चुरावी लागतात. घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 नुसार बागेतील कचरा वेगळा साठवणे बंधनकारक ठरले व तो जाळण्यास मनाई झाली, तरीही सकाळच्या वेळी रस्त्याकडेला पानांचे ढीग पेटलेले दिसतात. महापालिकांनी सार्वजनिक उद्यानांतील पाने तिथेच कुजवून, चाळून, पावसाळ्यापूर्वी प्रभागनिहाय माफक दरात नागरिकांना द्यावीत. तसेच रोपवाटिकांनी तयार मिश्रणाच्या पिशवीवर त्यातील घटक व त्यांचे प्रमाण छापावे आणि माती कोठून आणली, हेही ग्राहकाला सांगावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, पुणे