चिऱ्यातलं लोखंड

देवगड

चि. ओंकारास अनेक आशीर्वाद.

जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचं कंपाउंड बांधायचं काम अजून चालूच आहे. मोहोर फुटल्यापासून बाबांचा जीव तुडतुड्यांत आणि फवारणीत अडकलाय, त्यामुळे गवंड्यांच्या मागे मीच उभी असते. परवा त्यांतल्या एकाने विचारलं, "बाई, तुमचो झिल म्हणता, ह्या चिऱ्यातला लोखंड फुटलेल्या ताऱ्याच्या पोटातला. खरा काय ता?" अर्धं खरं, म्हटलं. उरलेलं अर्धं तुला लिहून पाठवते, कारण फोनवर सांगायला लागले की तू "हो गं, माहितेय" म्हणून मोकळा होतोस.

ताऱ्याच्या गाभ्यात जे लोखंड साठतं ते बाहेर पडतच नाही. ताऱ्याला मारतं तेच, आणि त्याच्याबरोबर गाडलं जातं तेही तेच.

सूर्याच्या निदान आठपट वजनाचे तारे असे मरतात. आपल्या सूर्याच्या नशिबी हे नाही. पंचवीस सूर्यांएवढा तारा घे. हायड्रोजनवर तो सत्तरएक लाख वर्षं काढतो, हेलियमवर काही लाख. कार्बन पेटला की उरतात काही शतकं, निऑनला साधारण वर्ष, ऑक्सिजनला काही महिने. शेवटी सिलिकॉन, ते जेमतेम दिवसभर पुरतं. सिलिकॉन जळून लोखंड होतं आणि तिथे सगळं थांबतं, कारण लोखंडाची केंद्रकं जुळवून ऊर्जा मिळत नाही, उलट पदरची घालावी लागते.

तरी गाभा लगेच कोसळत नाही. जळणं थांबलं तरी दाटीवाटीने कोंबलेल्या इलेक्ट्रॉनचा दाब त्याला काही काळ पेलतो. त्या दाबाला मर्यादा असते हे खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी 1930 साली इंग्लंडला जाताना बोटीवर मांडलेल्या गणितातून दिसलं. तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते, तुझ्याच वयाचे. (टोमणा नाही हा!) गाभ्यातलं लोखंड साधारण 1.4 सूर्यांएवढं झालं की इलेक्ट्रॉनचे हात टेकतात. त्यात प्रचंड ऊर्जेचे गॅमा किरण लोखंडाची केंद्रकं फोडू लागतात आणि इलेक्ट्रॉन प्रोटॉनमध्ये दाबले जाऊन न्यूट्रॉन होतात. लाखो वर्षं रचलेलं एका क्षणात मोडतं. जवळपास पृथ्वीएवढा गोळा सेकंदाच्या आत खाली येतो, काही भाग तर सेकंदाला सत्तर हजार किलोमीटरच्या वेगाने. मागे राहणारा न्यूट्रॉन तारा देवगड ते मालवण एवढ्या अंतरात आरामात मावेल.

म्हणजे आधी पडणं आणि मग फुटणं. तुझ्या त्या रीलमध्ये तारा थेट फुटतो, ते मला म्हणूनच पटलं नाही. आतला गोळा इतका घट्ट होतो की आणखी दबत नाही, वरून पडणारा ऐवज त्यावर आपटून उसळतो आणि आघातलाट बाहेर निघते. आणि गंमत म्हणजे तीही वाटेत अडखळते! बाहेरून पडत राहणारं लोखंड फोडण्यातच तिची ताकद संपते. तिला पुन्हा रेटा देतात ते न्यूट्रिनो, म्हणजे कशालाही सहसा न अडकता आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण. कोसळण्यातून निघालेल्या ऊर्जेपैकी 99 टक्के तेच घेऊन जातात. त्यातला अगदी थोडा हिस्सा वाटेत अडकला तरी तारा उधळायला पुरतो. आपल्याला दिसणारा झगझगाट म्हणजे त्या हिशेबातली चिल्लर.

हे नुसतं कागदावरचं नाही. 23 फेब्रुवारी 1987 ला जपान, अमेरिका आणि रशियातल्या जमिनीखालच्या उपकरणांत काही सेकंदांत मिळून दोन डझन न्यूट्रिनो नोंदले गेले. मोठ्या मॅगेलनी मेघातला, म्हणजे आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतला, सुमारे 1,68,000 प्रकाशवर्षं दूरचा तारा कोसळला होता. प्रकाश त्यानंतर काही तासांनी आला, कारण आघातलाटेला ताऱ्याच्या पृष्ठभागापर्यंत यायलाच तेवढा वेळ लागतो.

आता चिरा. गाभ्याभोवतीच्या थरातून लाट जाते तेव्हा तिथलं सिलिकॉन आणि ऑक्सिजन तापून निकेल तयार होतं, किरणोत्सारी निकेल-56. सहा दिवसांत ते निम्मं कोबाल्ट होतं आणि कोबाल्ट 77 दिवसांत निम्मं लोखंड. स्फोटानंतर महिनोन्‌महिने उजेड टिकतो तो ह्याच पालटाचा. 1987 च्या ताऱ्याने वीस हजारांहून जास्त पृथ्व्या होतील एवढं निकेल उधळलं. तरीही आपल्याकडच्या लोखंडाचा मोठा वाटा वेगळ्याच स्फोटांचा आहे, श्वेत बटू ताऱ्यांच्या, म्हणजे जळण संपलेल्या सूर्यासारख्या ताऱ्यांच्या उरलेल्या गाभ्यांच्या. कोकणात ते वर आलं पावसामुळे: सिलिका आणि क्षार धुऊन गेले, लोखंड-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली. नवा चिरा तासताना बघ, ओलसर, मऊ, आत पिवळ्या मातीच्या नळ्या. तोच उन्हावाऱ्यात राहिला की छिन्नीला दाद देत नाही.

कोसळणाऱ्या ताऱ्यांचं देणं दाखवायचंच असेल तर गवंड्याला चिऱ्याऐवजी समुद्र दाखव. पाण्याच्या वजनाचे नऊ भाग केले तर आठ ऑक्सिजनचे, आणि ऑक्सिजन बहुतेक सगळा अशाच ताऱ्यांच्या पोटात शिजलेला.

काक्षी, म्हणजे मृगातला बेटेलज्यूज तारा, कधी फुटणार, हे तू विचारलं होतंस. उद्याची वाट बघू नकोस, कदाचित लाखभर वर्षंही लागतील. 2019-20 मध्ये तो मंद झाला ते त्याने सोडलेल्या धुळीमुळे, मरायला टेकला म्हणून नव्हे. फुटलाच तर दिवसाही दिसेल. घाबरायचं मात्र कारण नाही, पाचशेहून जास्त प्रकाशवर्षं मध्ये आहेत. सध्या संध्याकाळी मृग पूर्वेला वर येतो. त्यातला तांबूस दिसतो तो काक्षी. हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन बघ, मुंबईतही दिसतो.

कुळथाचं पीठ एसटीच्या पार्सलने पाठवलंय. पोचलं की कळव.

तुझी
आई